मे महिन्यातली हवा आणि हेलिकॉप्टरचं पातं

‘एअर पॉकेट’ नावाची वस्तू आकाशात नसते. हे आधीच सांगून टाकतो, कारण फैजपूरच्या चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे हाच शब्द कानावर येतो. हेलिकॉप्टर जरा हाललं की ‘एअर पॉकेटमध्ये सापडलं’. हवेत खड्डे नसतात. हवा सगळीकडे भरलेलीच असते. फक्त ती एका जागी वर निघालेली असते, शेजारी खाली येत असते आणि दोन्हींच्या मधे गरगरत असते. आपल्या वावरात दुपारी वावटळ उठते तेव्हा ही गरगर धुळीमुळे डोळ्यांना दिसते. वर धूळ नसते, म्हणून दिसत नाही, एवढाच फरक.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. तांबरमला ट्रेनिंग झालं आणि पुढची सगळी नोकरी हेलिकॉप्टरांवर गेली, आधी चेतक, मग एमआय-१७. उडवणं माझं काम नव्हतं. उडवणाऱ्याच्या डोक्यावर जे फिरतं ते शाबूत ठेवणं माझं काम होतं. आता यावल तालुक्यात गावी केळी लावतो. पुतण्या जळगावला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो, सुट्टीत आला की माझ्यामागे प्रश्न घेऊन लागतो. या वेळचा प्रश्न होता, “आप्पा, एवढं जड पातं, ते बी एवढ्या जोरात फिरतं. त्याले वारा काय करीन?”

प्रश्न चांगला आहे. उत्तर बांधावर बसून पूर्ण झालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

पातं जड आहे हे खरं. एमआय-१७ चं एक पातं साधारण १४० किलोचं, अर्धा मीटर रुंद, आणि पूर्ण रोटरचा, म्हणजे सगळ्या पात्यांच्या फिरत्या चक्राचा, व्यास २१ मीटरच्या थोडा वर. पण हेलिकॉप्टर उभं असताना टोकाशी जाऊन बघा. पाचही पाती खाली झुकलेली दिसतात, आणि टोकाला हाताने वर उचललं तर पातं वरखाली डोलायला लागतं. नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो. एवढी मोठी लांबी आणि जाडी मात्र बेताची, म्हणजे ती वाकणारच. उडताना तिला ताठ ठेवतो तो फिरण्याचा वेग. गोफण हातात लोंबत असते तेव्हा ती नुसती दोरी असते, फिरवली की काठीसारखी सरळ होते, तसंच. रोटर मिनिटाला १९२ फेरे घेतो, त्या वेगात प्रत्येक पात्याच्या मुळाला २० टनांहून जास्त ओढ बसते, आणि टोकाचा वेग सेकंदाला २१४ मीटर होतो. तासाचा हिशोब केला तर ७७० किलोमीटर.

आता यात वारा शिरतो. समजा सेकंदाला पाच मीटर वेगाने हवा खालून वर येतेय. तापलेल्या काळ्या जमिनीवर मे महिन्याच्या दुपारी असा झोत उठणं काही विशेष नाही. टोकाशी पातं २१४ ने पुढे चाललंय आणि हवा ५ ने वर येतेय, म्हणजे हवा पात्याला ज्या कोनात भिडते तो कोन सव्वा-दीड अंशाने वाढला. आकडा किरकोळ वाटतो. पण पात्याचं सगळं काम मुळात काही अंशांवरच चालतं, त्यात दीड अंश म्हणजे मोठी भर. आत, हबच्या म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या तुकड्याच्या बाजूला, पात्याचा वेग कमी असतो, तिथे हाच झोत कोन पाच अंशांनीही बदलतो. फक्त तिथे वेगच कमी, त्यामुळे ताकदही कमी. सगळ्यात मोठा धक्का बसतो तो बाहेरच्या भागालाच, आणि बाहेरचा भाग मुळापासून सर्वांत लांब, म्हणून त्याचा दाब मुळावर सर्वांत जास्त पडतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. शिरपूरकडची शिकाऊ विमानं आपण बघतो, चार माणसांची, पंख लांबलचक. अशा छोट्या विमानाच्या पंखाच्या दर चौरस मीटरवर ७० किलोच्या आसपास वजन तोललेलं असतं. ११ टनांच्या एमआय-१७ ची पाच पाती जमेस धरा, दर चौरस मीटरला ४०० किलो भरतात. शिवाय विमानाचा पंख हवेतून सेकंदाला ५० मीटरने जातो, पात्याचं टोक २१४ ने. म्हणून त्याच झोतात छोटं विमान पतंगासारखं वर फेकलं जातं आणि हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्याला त्यामानाने कमी जाणवतं. पण तो झोत नाहीसा होत नाही. माणसापर्यंत पोचण्याआधी पातं तो गिळतं. या लेखात मला सांगायचं ते हेच: वाऱ्याचा धक्का पातं अडवत नाही, हलून स्वतःत घेतं, आणि घेतलेल्या प्रत्येक धक्क्याची नोंद त्याच्या धातूत राहते.

हलायची सोय कोणी केली त्याची हकिकत सांगितली पाहिजे. स्पेनचा ख्वान द ला सिएर्व्हा हा ऑटोजायरो बनवत होता, म्हणजे डोक्यावरची पाती नुसत्या हवेने फिरणारं, हेलिकॉप्टरच्या आधीचं यंत्र. पाती हबला घट्ट बसवलेली होती, आणि यंत्र पुढे धावायला लागलं की एका बाजूला कलंडायचं. कारण पुढे जाणाऱ्या पात्याला स्वतःच्या वेगात यंत्राचा वेगही मिळतो, मागे येणाऱ्याच्या वेगातून तो वजा होतो. एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. त्याने पात्याच्या मुळाशी बिजागरी दिली. उचल वाढली की पातं वर जाणार, आणि वर जाताजाता हवेला भिडण्याचा कोन आपोआप घटणार. जानेवारी १९२३ मध्ये त्याचं यंत्र सरळ उडालं. बिजागरी दिली होती पुढच्या वेगासाठी, पण वाऱ्यासाठीही तीच कामाला आली. खालून झोत आला, पातं वर गेलं, कोन कमी झाला, जास्तीची उचल बरीचशी तिथेच संपली. हबपर्यंत पोचतं ते उरलेलं.

चेतक आणि एमआय-१७ दोन्हींच्या हबमध्ये अशी वरखाली बिजागरी आहे, आणि पुढेमागे हलण्याची वेगळी. पातं वर उठलं की त्याचं वजन मध्याकडे सरकतं आणि ते पुढे धावायला बघतं, म्हणून ही दुसरी. तिच्यावर डॅम्पर असतो, हेलकावे शोषून घेणारा, तेलाचा. डॅम्परमधून तेल झिरपतंय हे सकाळी पहिल्या फेरीत बघायचं. कापडाने पुसायचं, दहा मिनिटांनी पुन्हा बोट फिरवायचं. बोट कोरडं आलं तर ते जुनं तेल, ओलं आलं तर ‘उडायला योग्य’ अशी सही नाही. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरला या बिजागऱ्या नाहीतच. तिथे फायबरचा मुळाकडचा भागच वाकतो, बिजागरीचं काम तोच करतो. दिसायला साधं, पण घडवायला फार अवघड काम आहे ते.

पात्याचा आणखी एक गुण आहे, तो पुतण्याला पटायला वेळ लागला. धक्का जिथे बसतो तिथे पातं सर्वांत वर जात नाही. पाव फेरा पुढे गेल्यावर जातं. एमआय-१७ चा रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. डाव्या बाजूला झोत लागला तर पातं सर्वांत वर पोचतं नाकासमोर. म्हणजे झोत लागला डावीकडे आणि नाक उचललं गेलं. वैमानिकाचा हात हे सवयीने सांभाळतो. खालून बघणाऱ्याला मात्र हेलिकॉप्टर कारण नसताना मान वर करतंय असं दिसतं.

आता थोडं खोलात जातो, कारण मला स्वतःला यातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. विमानाचा पंख एका भोवऱ्यातून एकदाच जातो. आला, धक्का दिला, मागे पडला. रोटरचं तसं नाही. हेलिकॉप्टर ताशी २०० किलोमीटरने चाललंय आणि समोर ५० मीटर रुंदीचा एक वर जाणारा पट्टा आहे. तो ओलांडायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात प्रत्येक पातं त्या पट्ट्याला तीनदा कापतं, पाच पात्यांचे मिळून पंधराएक वार होतात. पट्टा एकच आणि सावकाश बदलणारा, पण पात्याला तो प्रत्येक फेऱ्यात नव्याने लागतो. म्हणजे वाऱ्याचा स्वतःचा ठेका संथ असला तरी पात्याला तो रोटरच्या ठेक्यावर ऐकू येतो: फेऱ्याला एकदा, दोनदा, तीनदा. आणि पात्याचे स्वतःचे डोलण्याचे ठेके याच्याच आसपास असतात. १९७१ च्या सुमाराला गावकर आणि होहेनएमझर या संशोधकांनी या गोष्टीचं गणित मांडलं, वाऱ्याची बेशिस्त आणि पात्याचं फिरणं एकत्र धरून. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या पात्यांनाही हाच नियम लागतो. त्या सावकाश फिरतात, पण वरचं टोक जोराच्या वाऱ्यात आणि खालचं मंद वाऱ्यात, असा फरक त्यांना प्रत्येक फेऱ्याला सोसावा लागतो.

हबची मात्र एक खुबी आहे. पाचही पात्यांना अगदी सारखा मार बसत असेल तर बहुतेक थरथर हबमध्येच एकमेकींना मारून टाकते, खाली सांगाड्यात उतरते ती मुख्यतः पाचपट ठेक्याची. १९२ फेरे म्हणजे सेकंदाला ३.२, त्याची पाचपट १६. एमआय-१७ मध्ये बसलेल्याला पायाखाली जी गुरगुर जाणवते ती ही. वादळी हवेत पाती सारखी वागत नाहीत. एकाला झोत लागला तेव्हा दुसरं शांत हवेत होतं. मग हबची ती वजाबाकी नीट होत नाही आणि एरवी न उतरणारे हेलकावे खाली उतरतात. वैमानिक परत येऊन फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, ‘व्हायब्रेशन’ असा स्नॅग म्हणजे बिघाड लिहितो. फिटरने पहिला प्रश्न विचारायचा तो हवेबद्दलचा. कुठून आलात, किती वाजता, कोणत्या उंचीवर. हवेने आलेली थरथर पुढच्या शांत सकाळी निघून जाते. पात्याने आलेली जात नाही.

याच कारणाने ट्रॅकिंग नेहमी पहाटे करायचं. ट्रॅकिंग म्हणजे सगळ्या पात्यांची टोकं एकाच उंचीवरून फिरताहेत का ते बघणं. आता यंत्रं आली आहेत. जुनी पद्धत अशी: प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू लावायचा, लांब दांड्यावर कापडाची उभी पट्टी ताणायची, आणि फिरत्या रोटरच्या कडेला ती पट्टी हळूहळू न्यायची. टोकं कापडाला जेमतेम शिवतात, टक्-टक् असा आवाज येतो, पट्टी मागे घ्यायची. कापडावर रंगांच्या रेघा. सगळ्या एकावर एक आल्या तर काम झालं. निळी दोन बोटं वर असेल तर निळ्या पात्याची पिच लिंक (पात्याचा कोन ठरवणारी दांडी) किंवा ट्रिम टॅब (मागच्या कडेची छोटी पट्टी) बघायची. पट्टी धरणाऱ्याचे पाय जमिनीत रोवलेले लागतात आणि नजर टोकावर. वारा सुटल्यावर हे काम करण्यात अर्थ नाही, कारण रेघा पात्याच्या नसून वाऱ्याच्या निघतात.

आता आपल्या हवेकडे येतो. खानदेशचा उन्हाळा म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. जळगाव समुद्रसपाटीपासून दोन-सव्वादोनशे मीटरवर आहे, पण ४५ अंशांच्या दुपारी तिथली हवा पात्याला सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेसारखी वाटते. तोरणमाळचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपण तापीकाठी उभे असतो आणि रोटर मात्र तोरणमाळच्याही वरच्या हवेत फिरत असतो! विरळ हवेत तेवढंच वजन उचलायचं तर पात्याचा कोन वाढवावा लागतो. वाढवलेल्या कोनावर झोताने आणखी दोन अंश चढवले की पातं त्याच्या हद्दीजवळ जातं. हद्दीपलीकडे हवा पात्याला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल एकदम पडते.

ही हद्द सर्वांत आधी गाठतं ते मागे येणारं पातं. एमआय-१७ ताशी २०० किलोमीटरला असताना डावीकडच्या, पुढे जाणाऱ्या टोकाला हवा सेकंदाला २७० मीटरने लागते, उजवीकडच्या, मागे येणाऱ्या टोकाला १५८ ने. कोन सारखा ठेवला तर उचलीत जवळजवळ तिपटीचा फरक पडेल. तोल राखायचा तर उजवीकडे कोन मोठा हवा, म्हणजे तिथे शिल्लक आधीच थोडी. त्यात ऊन, त्यात वजन, त्यात खालून झोत. पातं त्या बाजूला क्षणभर सुटतं, पुढे गेल्यावर पुन्हा धरतं, पुढच्या फेऱ्याला पुन्हा सुटतं. हे सुटणं-धरणं पात्याला पिळतं, आणि तो पीळ पिच लिंकवर येतो. म्हणून खवळलेल्या हवेत वैमानिक वेग कमी करतो. भिऊन नव्हे, मागच्या पात्याला श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून.

आमच्या उत्तरेला सातपुडा. त्याचा दक्षिणेचा उतार बऱ्याच ठिकाणी एकदम खाली येतो आणि लगेच तापीचं सपाट खोरं सुरू होतं. उत्तरेकडून वारा असला की तो कड्यावरून ओघळतो आणि पायथ्याला उलटा-सुलटा फिरतो. त्याच पायथ्याला दुपारी उघडी वावरं तापलेली आणि शेजारी पाणी दिलेल्या केळीच्या बागा गार. एकावरून हवा वर, दुसरीवरून खाली. यावल ते चोपडा या पट्ट्यात कमी उंचीवरून उडणाऱ्याला हे दर दोन शेतांनी लागतं. मे अखेरचं वारा-वावधन तर वेगळंच. ज्याने एका रात्रीत आडवी झालेली केळी पाहिली आहे त्याला त्या हवेत काही उडू नये हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या नागरी हेलिकॉप्टरांच्या नियमांत रोटरक्राफ्टने सेकंदाला ३० फुटांचा, म्हणजे नऊ मीटरच्या थोडा वरचा, उभा झोत सोसला पाहिजे असं लिहिलं आहे, जागेवर तरंगताना सुद्धा. दुपारचे साधे झोत याच्या आत बसतात. वळवाच्या ढगाच्या पोटातले बसत नाहीत.

दोन पात्यांच्या छोट्या हेलिकॉप्टरांचं दुखणं निराळं असतं. त्यांचा रोटर सी-सॉसारखा मधल्या एकाच बिजागरीवर टेकलेला असतो. हेलिकॉप्टरचं वजन रोटरला टांगलेलं आहे तोवर सगळं ठीक. पण खवळलेल्या हवेत क्षणभर ते वजन हलकं झालं, तर शेपटीच्या पंख्यामुळे सांगाडा एका बाजूला कलतो, वैमानिक तो सावरायला हातातली सुकाणूची काठी हलवतो, सांगाडा ऐकत नाही, रोटर तेवढा तिरपा होतो आणि हब मधल्या दांड्यावर आपटतो. न्यूझीलंडच्या डोंगराळ भागात अशा अपघातांनी फार जीव घेतले. उपाय एकच शिकवतात: वेग कमी ठेवा, आणि हलकं वाटलं की काठी हळूच मागे घेऊन आधी रोटरवर वजन आणा, मग सरळ करा.

तर हे सगळे धक्के पातं सोसतं आणि संध्याकाळी हँगरमध्ये जसंच्या तसं उभं दिसतं. मोडलेलं काही नाही, वाकलेलं काही नाही. इथून फिटरचं काम सुरू होतं. धातू एका मोठ्या धक्क्याने तुटतो तसाच लाखो लहान धक्क्यांनीही तुटतो. हे जगाला आधी शिकवलं रेल्वेने. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून भयंकर अपघात झाला. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलरने वर्षानुवर्षं आस वाकवून-वाकवून बघितले आणि किती ताणाला किती फेरे टिकतात याचा हिशोब मांडला. माझे वडील भुसावळला रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला होते. गाडी लागली की हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचे, आवाजावरून सांगायचे. मी पहिल्यांदा पात्यावर नाण्याने टक्-टक् करून आतला थर सुटलाय का ते ऐकायला शिकलो, तेव्हा ते कसब मला नवं वाटलं नाही. चिकटलेल्या जागी आवाज बारीक आणि खणखणीत येतो. सुटलेल्या जागी बसका. दोन्हींमधली सीमा पेन्सिलने आखायची आणि ती मापायची.

पालमग्रेनने १९२४ मध्ये आणि मायनरने १९४५ मध्ये जो नियम मांडला तो फिटरच्या भाषेत असा: प्रत्येक धक्का पात्याच्या आयुष्याचा एक तुकडा खातो, लहान धक्का लहान तुकडा, मोठा धक्का मोठा. तुकड्यांची बेरीज पूर्ण भरायच्या कितीतरी आधी पातं उतरवायचं. म्हणूनच पात्याला तासांचं आयुष्य ठरवून दिलेलं असतं, आणि म्हणूनच लॉगबुकमधला तासांचा आकडा खरा असावा लागतो. एखाद्या सॉर्टीत, म्हणजे उड्डाणाच्या फेरीत, हवा फार खवळलेली मिळाली तर तेही लिहायचं. वैमानिक दमलेला असतो, लिहायचं राहून जातं. तेव्हा फिटरने चहा द्यावा, पण लिहून घेतल्याशिवाय जाऊ देऊ नये.

एमआय-१७ च्या पात्यात एक युक्ती आहे, ती मला अजून आवडते. पात्याचा मुख्य कणा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आतून पोकळ. त्या पोकळीत दाबाखाली हवा भरलेली असते आणि मुळाशी एक छोटी पारदर्शक टोपी असते. कण्याला कुठे बारीकशी भेग गेली तर दाब उतरतो आणि टोपीत लाल रंग दिसतो. पाच पाती, पाच टोप्या. सकाळी वर चढून प्रत्येकीत डोकावायचं. काच धुळीने माखली असेल तर आधी पुसायची. धुळीआडून ‘लाल नसावं’ असा अंदाज करून सही करायची नाही. भेग डोळ्यांना दिसण्याच्या आधी हवा तिला शोधते. ज्या हवेने मार दिला तीच हवा आतून पहारा देते.

शेवटी जमिनीवरचं, कारण ते आपल्या लोकांच्या कामाचं आहे. पातं सर्वांत नाजूक असतं ते उडताना नव्हे, सुरू होताना आणि थांबताना. फेरे कमी, म्हणजे ती २० टनांची ओढ नाही. पातं पुन्हा ती लोंबणारी लांब वस्तू होतं. अशा वेळी जोराचा झोत आला तर ते वरखाली फडफडतं, टोक शेपटीला लागू शकतं. जहाजांच्या डेकवर हा त्रास फार, आणि कड्याच्या धारेवरही. हबमध्ये खाली झुकण्याला अडवणारे थांबे असतात, पण ते पात्याचं वाकणं थांबवत नाहीत. सुरू-बंद करण्यासाठी वाऱ्याची मर्यादा दिलेली असते ती याचसाठी. उभं ठेवलेल्या हेलिकॉप्टरची पाती दोरांनी बांधायची तीही याचसाठी. शेजारी दुसरं उतरलं तर त्याच्याच झोताने बांधून न ठेवलेली पाती उसळतात. ११ टनांचं एमआय-१७ जागेवर तरंगतं तेव्हा खाली जाणारा झोत ताशी ८० किलोमीटरपर्यंत पोचतो.

आमच्याकडे निवडणुकीत, पुरात, कधी रुग्णासाठी, वावरातच हेलिपॅड करतात. २०२४ च्या लोकसभेला रावेर-जळगावचं मतदान १३ मेला होतं, म्हणजे प्रचार ऐन उन्हात. जागा निवडताना लोक सावली बघतात, सभेपासून अंतर बघतात. वारा बघत नाहीत. उंच झाडांच्या रांगेच्या किंवा गोदामाच्या वाऱ्याआड जागा घेऊ नका; आडोसा वाटतो, पण आडोशामागेच हवा सर्वांत जास्त घुमते, झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत. केळीच्या बागेने चारी बाजूंनी वेढलेला चौकोनही नको: रोटरचा झोत बागेवर आपटून वर येतो आणि पुन्हा रोटरमध्ये ओढला जातो. जमिनीवर पाणी मारा, धूळ पात्याची पुढची कड खाते. मांडवाचं कापड, पत्रे, खताच्या रिकाम्या गोण्या लांब न्या. जमत असेल तर सकाळी दहाच्या आत उतरवा. एका काठीला हलकं कापड बांधून ती दिसेल अशी रोवा, वैमानिकाला तेवढ्यानेही मदत होते.

आणि एक गोष्ट कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो. पंखा मंदावला की हार घेऊन पुढे धावता. तीच वेळ धावायची नाही. जोरात फिरताना पाती वर असतात. मंदावली की टोकं खाली येतात, आणि तेवढ्यात एक वावटळ आली तर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येतात. पाती पूर्ण थांबेपर्यंत बांधावरच उभे राहा. नंतरही वैमानिकाने हात केला तरच जा, त्याला दिसेल असे समोरून जा, शेपटीकडून कधीच नाही. उतारावर उतरलं असेल तर चढाच्या बाजूने जवळ जाऊ नका, त्या बाजूला पातं जमिनीच्या सर्वांत जवळ असतं.